पाच वर्षांचा वियोग : ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई

१० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईच्या भेंडी बाजारातील अमेरिकन मिशनच्या देवळात नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला. वय तेहतीस. जन्माने कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतात मुरलेला पंडित आणि मराठीत कवी म्हणून नाव होऊ लागलेले. हा विधी गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नको, एतद्देशीय पाळकाच्याच हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो पाळला गेला. रेव्हरंड तुकारामजी नथोजी यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला. त्या वेळी त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि चार वर्षांचा मुलगा दत्तू माहेरच्या माणसांत होते. पुढे जवळजवळ पाच वर्षे नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे असा संसार चालला. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात धर्मांतराने घरे मोडल्याची उदाहरणे बरीच आहेत. मोडलेले घर पुन्हा उभे राहिल्याची थोडी आहेत, आणि त्यांतही दोन्ही बाजूंनी मन न मारता ते उभे राहिल्याचे टिळकांच्या घराइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

त्या काळी ख्रिस्ती होणे म्हणजे काय होते, ते आधी पाहायला हवे. आज ‘घटस्फोट’ म्हटले की कोर्टातला काडीमोड डोळ्यांपुढे येतो. धर्मशास्त्रात मात्र हा शब्द मुळात पतिताला वाळीत टाकण्याच्या विधीचा आहे. जातिभ्रष्ट झालेल्या माणसाचे आप्त एकत्र जमत, तो मेला असे समजून त्याला पाणी देत, दासी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडून देई, आणि त्या क्षणापासून तो माणूस जिवंतपणी मेलेला. त्याच्याशी बोलणे, त्याच्याबरोबर बसणे, त्याला वाटणी देणे, सगळे बंद. आई जिवंत मुलाचे सुतक धरी, भाऊ भावाचे नाव टाकी. ख्रिस्ती झालेल्याच्या नशिबी हेच येई, मग विधी रीतसर होवो की न होवो.

अशा माणसाच्या बायकोची स्थिती सर्वांत अवघड. नवरा वारला असता तर तिच्यासाठी शास्त्राने आणि रूढीने एक वाट, कितीही क्रूर असली तरी, आखून ठेवलेली होती. पण हा तर जिवंत. तिच्या कपाळी कुंकू आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, आणि ज्याच्या नावाने ते आहे त्याच्या हातचे पाणी प्यायले तर ती भ्रष्ट होणार. ती ना सवाष्ण, ना विधवा. माहेरी राहावे तर भावा-बहिणींवर भार, नवऱ्याकडे जावे तर माहेर कायमचे तुटणार.

अशी घरे टिळकांच्या आधी दोन पिढ्या महाराष्ट्राने पाहिली होती. १८३९ मध्ये अहमदनगरला हरिपंत खिस्ती ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी राधाबाई नवऱ्याबरोबर आल्या त्या मनाविरुद्ध. त्यांची मुलगी कृपाबाई सत्यनाथन पुढे इंग्रजीत लिहिणारी कादंबरीकार झाली आणि ‘सगुणा’ या कादंबरीत तिने आईची ती घुसमट मांडली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. मुलगा अज्ञान आहे म्हणून मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या पोराला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर मुंबईच्या ब्राह्मणांत उभी फूट पडली. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावे या बाजूचे, आणि त्यासाठी त्यांना खूप सोसावे लागले. १८४८ मध्ये नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. त्यांची तरुण पत्नी नवऱ्यामागे आली, ख्रिस्ती झाली आणि १८५३ मध्ये एक तान्ही मुलगी मागे ठेवून वारली. ती मुलगी म्हणजे इंग्रजीत ख्रिस्ती भक्तिगीते लिहिणाऱ्या एलन लक्ष्मी गोऱ्हे.

या सगळ्या प्रकरणांतून दोन कायदे निघाले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला किंवा जात गेली म्हणून वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क जाणार नाही, असे ठरले. जातीच्या हातातले एक मोठे शस्त्र त्याने बोथट केले. पण बायकोचे काय? त्याला उत्तर म्हणून गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलातील कायदेमंत्री हेन्री मेन यांनी १८६६ चा एकविसावा कायदा आणला. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने टाकले असेल, तर तो कोर्टात जाऊन संसाराचा हक्क मागू शकत असे. कोर्ट बायकोला विचारी : नांदायला जातेस का? ती नाही म्हणाली, आणि कारण केवळ धर्मांतर हेच आहे असे दिसले, तर खटला एक वर्ष तहकूब होई. वर्षाने पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा नकार आला तर लग्न रद्द, आणि दोघेही दुसरे लग्न करायला मोकळे. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. माणसाला जन्मभर लटकत ठेवू नये इतकाच. पण ज्या समाजात बाईला दुसरे लग्न ठाऊकच नव्हते, तिथे ‘मोकळी’ या शब्दाला तिच्यासाठी काही अर्थ नव्हता. मोकळा होई तो पुरुष.

टिळकांना या कायद्याची वाट खुली होती. ते त्या वाटेने गेले नाहीत. त्यांच्या पुढच्या पाच वर्षांतली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती न घडलेली असल्यामुळे सहसा लक्षात येत नाही.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीतले, कडक आणि तापट. आई जानकीबाई हळव्या, कवितेची आवड असलेल्या. आई लवकर गेली आणि मुलाने घर सोडले. नाशिकला आला, गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला, मिळेल तिथे जेवला, मिळेल तिथे निजला. घर सोडण्याची ही सवय त्यांना जन्मभर पुरली. मनात आले की माणूस उठून चालू लागे. बायकोला सांगून जावे हेही त्यांना सुचत नसे.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. ती बारा वर्षांची, ते एकोणीसचे. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले. ज्या घरातून ती आली ते घर सोवळ्याने पछाडलेले होते. सत्तावनच्या धामधुमीत तिच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले. त्या धक्क्याने तिच्या वडिलांच्या डोक्यात विटाळाचे वेड शिरले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, हे त्या घरातले रोजचे होते. पुढे राहुरीत काय घडले ते समजायला मुलीच्या हाताला लहानपणापासून लागलेले हे पाणी लक्षात ठेवायला हवे. ती रूढी पुस्तकातून शिकली नव्हती. ती तिच्या बोटांत होती.

संसार सुरू झाला तो वाऱ्यावरच. नाशिक, वणी, नागपूर, राजनांदगाव. आज नोकरी आहे, उद्या नाही. टिळकांनी पगार आणला की वाटेत भेटलेल्या गरजवंताला देऊन यायचे आणि घरी चूल बंद. राग आला की भांडी फेकायची, राग ओसरला की मुलासारखे रडायचे. या माणसाने बायकोला वाचायला शिकवले, पण शिकवताना पुस्तक भिरकावण्याचे प्रसंगही आले. मुले झाली आणि गेली. १८९१ मध्ये दत्तू जन्मला आणि जगला. लक्ष्मीबाईंनी हे सारे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, आणि वाचणाऱ्याला सर्वांत जास्त काय जाणवत असेल तर या बाईचे नवऱ्यावर विलक्षण प्रेम होते, हे. ती त्याच्यावर चिडते, त्याच्या वेडेपणाला हसते, त्याच्याशी तोंडाला तोंड देते. पण त्याच्यावाचून तिला करमत नाही.

नागपूरला असताना टिळकांनी अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे काम केले आणि ‘ऋषि’ नावाचे मासिक काढले. याच काळात जुन्या धर्मावरचा त्यांचा विश्वास आतून ढिला होत गेला. देव एक, सारी माणसे त्याची लेकरे, जातिभेद माणसाने केलेला, मूर्तिपूजा नको, अशी तत्त्वे त्यांनी स्वतःशीच मांडली आणि एक नवा धर्मच काढावा असे त्यांच्या मनात आले. नव्या धर्माची ही ओढ त्या पिढीत होतीच. प्रार्थनासमाज तिच्यातूनच निघाला होता. टिळकांना मात्र समाज किंवा सभा पुरण्यासारखी नव्हती. त्यांना आपला म्हणावा असा गुरू हवा होता.

तो त्यांना आगगाडीत भेटला असे ते मानत. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपीय गृहस्थ होता. दोघांचे काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर झाले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना ‘नवा करार’ दिला आणि हा ग्रंथ वाचलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. त्याचे नाव टिळकांनी विचारले नाही, आणि तो पुन्हा कधी भेटला नाही. टिळकांनी पुस्तक उघडले ते डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले. शत्रूवर प्रीती करा, हा उपदेश त्यांनी आजवर संतांच्या तोंडून ऐकला होता. आता तो एका माणसाच्या चरित्रात उतरलेला दिसला. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्यांत जस्टिन ॲबट होते. याच ॲबट यांनी पुढे महाराष्ट्राच्या संतकवींचे इंग्रजीत भाषांतर केले.

निर्णय डोक्याने झाला, तरी पाऊल उचलायला दोन वर्षे गेली. आड येणारी भीती नोकरीची नव्हती, कारण नोकरी टिळकांना कधीच बांधून ठेवू शकली नव्हती. आड होती ती बायको आणि मुलगा. १८९० च्या दशकात ही भीती अवाजवी नव्हती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभात चहा-बिस्किटे घेतली म्हणून रानडे आणि बाळ गंगाधर टिळक यांच्यासारख्यांवर बहिष्काराचे बालंट आले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली आणि प्रायश्चित्तांची चर्चा वर्षानुवर्षे चालली. एका कपाने जिथे एवढे होते, तिथे बाप्तिस्म्याने काय होईल हे टिळकांना कळत होते. अखेर त्यांनी घरच्यांना न सांगता मुंबई गाठली.

लक्ष्मीबाईंना चाहूल लागलेली होती. पण चाहूल लागणे आणि बातमी येणे यांत फार अंतर असते. बातमी आली तेव्हा त्या कोसळल्या. अन्नावरची वासना गेली, झोप गेली. घरच्यांना त्यांच्या जिवाची धास्ती वाटू लागली, आणि त्यांना एकटे न सोडण्याची खबरदारी घेतली गेली. थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना आपल्याकडे घेतले. हे दोघे लक्ष्मीबाईंच्या चरित्रातली फार मोठी माणसे आहेत. टाकलेल्या मेहुणीला वर्षानुवर्षे घरात ठेवायचे, तिच्या मुलाला आपल्या मुलांत वाढवायचे आणि तिच्या भ्रष्ट झालेल्या नवऱ्याशीही माणुसकी सोडायची नाही, हे त्या काळच्या सनातनी गृहस्थाने केले. धर्मांतराच्या गोष्टी सांगताना जुन्या धर्मातली माणसे सरसकट कठोर दाखवण्याची चाल पडली आहे. पेंडसे पती-पत्नी त्या चालीत बसत नाहीत.

लक्ष्मीबाई पंढरपूरला राहिल्या. विठ्ठलाच्या गावात, वारकऱ्यांच्या गजरात, ख्रिस्ती झालेल्याची बायको म्हणून. लोक कीव करत, कोणी टोचून बोलत. वियोगाने त्यांच्यातले एक दार मात्र उघडले : त्या पद्यरचना करू लागल्या. ज्या बाईला शाळेचा उंबरठा ठाऊक नव्हता, तिने दुःख सांगण्यासाठी ओळी जुळवल्या. टिळकांची पत्रे येत. त्यांत विनवणी असे, राग असे, कविता असत. ती पत्रे घरातल्या सगळ्यांच्या देखत वाचली जाण्याचा धोका होता आणि तरीही ती येत राहिली.

इकडे टिळक अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) गेले. तिथे रॉबर्ट ह्यूम यांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत त्यांना शिकवण्याचे काम मिळाले. ह्यूम यांचे आणि त्यांचे सख्य जमले. टिळकांनी पोशाख बदलला नाही, भाषा बदलली नाही. ख्रिस्ती झालो म्हणून हिंदी राहिलो नाही असे थोडेच, हे ते सांगत राहिले. मिशनऱ्यांनी शिकवलेल्या इंग्रजी चालींवरच्या अवघडलेल्या गीतांच्या जागी अभंग, ओव्या, पदे लिहू लागले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासनासंगीता’चा मोठा भाग आज त्यांच्या रचनांचा आहे.

पण घर रिकामे होते. कायद्याने त्यांना बायकोवर फिर्याद करता आली असती. बाप म्हणून मुलाचा ताबाही मागता आला असता, कारण कायद्याच्या दृष्टीने मुलाचा पालक बापच होता. वर्ष-दीड वर्षात मोकळे होऊन त्यांना दुसरा संसारही थाटता आला असता. यांतले काहीही त्यांनी केले नाही. मुलगा आईजवळ राहिला. ज्या माणसाला जेवायला दहा मिनिटे उशीर खपत नसे, तो या एका बाबतीत वर्षामागून वर्षे थांबला. हा थांबणारा टिळक त्यांच्या उतावळ्या स्वभावाच्या आख्यायिकांत हरवून जातो. वस्तुतः त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे कृत्य बाप्तिस्मा नसून हे थांबणे होते, असे म्हणायला जागा आहे. बाप्तिस्मा त्यांनी स्वतःसाठी घेतला. थांबले ते दुसऱ्या माणसाच्या मनाला मान देऊन.

हळूहळू भेटी झाल्या. लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ आल्या त्या स्वतःच्या अटींवर. धर्म सोडणार नाही, शिवलेले खाणार नाही, स्वयंपाक स्वतंत्र, पाणी स्वतंत्र. आधी वेगळ्या बिऱ्हाडी, मग एका छपराखाली पण दोन चुलींवर. टिळकांनी ते मान्य केले. या व्यवस्थेचे चित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे : एका घरात नवरा आणि बायको, मध्ये मुलगा, आणि माठ दोन. नवऱ्याच्या माठाला हात लागला तर बायकोला अंघोळ. बायकोच्या माठाला नवऱ्याचा हात लागला तर ते पाणी ओतायचे. आणि या माठांच्या दोन्ही बाजूंना एकमेकांसाठी पाच वर्षे झुरलेली माणसे.

हा काळ साधा नव्हता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी दख्खनभर पसरला. त्यामागून १८९९-१९०० चा छपन्नचा दुष्काळ. गुरे मेली, गावे उठली, आई-बापांवेगळी झालेली पोरे शेकड्यांनी नगरच्या मिशनच्या आवारात आली. त्यांत सगळ्या जातींची होती. भूक आणि रोग यांना सोवळे-ओवळे कळत नव्हते, आणि जो हात भाकरी पुढे करतो तो कोणत्या जातीचा हे विचारायला पोरांना वेळ नव्हता. या दृश्याचा लक्ष्मीबाईंच्या मनावर काय परिणाम झाला असेल, ते पुढे घडलेल्या गोष्टीवरून ताडता येते.

ती गोष्ट राहुरीला घडली. नगरच्या उत्तरेला पंचवीस मैलांवरचे हे गाव अमेरिकन मिशनचे ठाणे होते, तिथे डॉ. बॅलंटाइन यांचा दवाखाना आणि मिशनचे काम चाले. राहुरीत असताना लक्ष्मीबाईंच्या मनात जातीचा विचार घोळू लागला. कोणी प्रवचन केले नाही, कोणी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःशीच सरळ प्रश्न विचारला : देवाने जाती केल्या असत्या तर त्या माणसाच्या अंगावर दिसायला हव्या होत्या. पशुपक्ष्यांत त्या दिसतात. गाय ती गाय, घोडा तो घोडा. माणसांत दिसतात त्या दोनच, स्त्री आणि पुरुष. मग बाकीच्या आल्या कुठून? माणसाने केल्या. आणि माणसाने केलेले माणसाला मोडता येते. असा हिशोब पुरा झाल्यावर त्यांनी ठरवले की आजपासून कोणाच्याही हातचे खायचे. त्यांनी ते टिळकांना सांगितले. टिळकांना आनंद झाला हे सांगणे नलगे.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंनी आधी जात सोडली, मग धर्म बदलला. आणि जात सोडली ती नवऱ्याच्या ग्रंथाला प्रमाण मानून नव्हे, तर स्वयंपाकघरातून दिसणाऱ्या जगाकडे पाहून. सोवळ्याने पछाडलेल्या बापाच्या मुलीने स्वतःच्या हाताला लागलेले पाणी असे झटकले. ख्रिस्ताविषयीची ओढ त्यानंतर आली, हळू आली आणि त्यांची स्वतःची म्हणून आली. १९०० मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, दत्तूसह. नवऱ्याच्या प्रेमापोटी त्या ख्रिस्ती झाल्या असे कधीकधी म्हटले जाते. ते अर्धेच खरे. नुसत्या प्रेमापोटी व्हायचे असते तर १८९५ मध्येच त्या झाल्या असत्या. प्रेम तेव्हाही कमी नव्हते. प्रेमाने त्यांना नगरपर्यंत आणले, दोन माठांच्या घरापर्यंत आणले. पुढचे अंतर त्या स्वतःच्या बुद्धीने चालून गेल्या, आणि टिळकांचे प्रेम असे की त्यांनी त्यांना ते चालू दिले.

माहेरही तुटले नाही. भिकूताईंची माया कायम राहिली, येणे-जाणे राहिले. पंगत वेगळी झाली तरी मने वेगळी झाली नाहीत.

यानंतरचा टिळकांचा संसार ख्रिस्ती मंडळीच्या आणि मराठी कवितेच्या इतिहासाचा भाग आहे. १९०४ मध्ये टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. नगरचे घर म्हणजे धर्मशाळा झाले. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी, कोणीही यावे आणि राहावे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, या घरात मुलासारखे राहिले आणि लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवले. ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती घरात राहणे ही तेव्हाही चर्चेची गोष्ट होती. त्या घरात मात्र तिची चर्चा होत नसे. टिळक मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या पत्राचे मराठी संपादन पाहू लागले. लक्ष्मीबाई प्लेगच्या रोग्यांत वावरल्या, मुलींची वसतिगृहे सांभाळली, आणि त्यांच्या कविता मासिकांतून येऊ लागल्या.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगारी धर्मोपदेशक म्हणून राहणे त्यांना खुपू लागले होते. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला : बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी एका बंधुभावात यावेत, ही कल्पना. अनेक मिशनऱ्यांना ती पचली नाही. हातात पैसा नसताना, पन्नाशी उलटलेली असताना नवऱ्याने पुन्हा एकदा घर उधळले, आणि लक्ष्मीबाई पुन्हा एकदा त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. या वेळी मध्ये पाच वर्षे गेली नाहीत.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांनी हाती घेतले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेले काम लक्ष्मीबाईंनी उचलले. ज्या ख्रिस्ताच्या नावाने त्यांचा संसार एकदा फुटला होता, त्याचे चरित्र त्यांनी नवऱ्याच्या ओवीला ओवी जोडत साठाहून अधिक अध्यायांनी पुढे नेले आणि तडीस नेले. त्याच काळात मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त, वडिलांच्या चरित्राची साधने जमवत होता. त्याने आईला आठवणी सांगायला लावल्या. त्या आठवणी वाढत वाढत ‘स्मृतिचित्रे’ झाल्या आणि १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने येऊ लागल्या. वियोगाच्या पाच वर्षांची आजची बहुतेक माहिती त्याच पुस्तकातून आलेली आहे, आणि ती नवऱ्याला देव न करता आणि नातलगांना दैत्य न करता सांगितलेली आहे. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला वारल्या. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्यामागे दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, छापून निघाले.